सुक्या बोंबलाचा वास आणि जिन्याखालची मीटर खोली

पहिली तक्रार विजेची नव्हतीच. तळमजल्यावरच्या काकू दोन आठवडे सांगत होत्या की जिन्यात सुक्या बोंबलासारखा वास येतो. इमारत ठाण्यातल्या नौपाड्यातली, बहुतेक घरं शाकाहारी. त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर या वासावरून बरीच शब्दाशब्दी झाली. पहिल्या मजल्यावर नव्याने भाड्याने आलेल्या कुटुंबाकडे बोटं दाखवली गेली. त्यांनी बिचाऱ्यांनी चार माणसांना घरात बोलावून स्वयंपाकघर दाखवलं. वास मात्र संध्याकाळी सातनंतर सुरू व्हायचा, रात्री अकराबारापर्यंत राहायचा आणि सकाळी नाहीसा व्हायचा. स्वयंपाकाच्या वेळेशी तो जुळत नव्हता, घराघरांतले एसी चालू असण्याच्या वेळेशी बरोबर जुळत होता. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि यात मी कुणाला दोष देत नाही, कारण मला स्वतःलाही हा वासाचा किस्सा कळला तो सगळं घडून गेल्यावर.

मी २६ वर्षं इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून काम करतोय. या इमारतीत माझे मामा राहतात. एप्रिलमधल्या एका शनिवारी रात्री सव्वाआठला त्यांचा फोन आला. "अरे, देवघरातला बल्ब एकदम पांढराफटक झालाय, पंखा सुटल्यासारखा फिरतोय आणि फ्रिजच्या मागून धूर येतोय. काय करू?"

"मामा, आधी मेन बंद करा. बाकी कशाला हात लावू नका. आणि जिन्यात उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगा, मेन बंद करा म्हणून."

मामा ७८ वर्षांचे. त्यांनी ते केलं. मी पंधरा मिनिटांत पोचलो तोवर निम्म्याअधिक घरांनी मेन पाडले होते, काहींनी अजून नव्हते. मामांच्या मेनच्या येणाऱ्या बाजूला मल्टिमीटर लावला. २३० व्होल्ट असायला हवे तिथे ३३८. खाली तळमजल्यावर काकूंकडे ट्यूब लुकलुकत होती, तिथे १५०. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात २४९, आणि त्या घरातल्या लोकांना काही झाल्याचं समजलंही नव्हतं.

हे तीन आकडे एकत्र पाहिले की या कामातला कुणीही एकच शब्द उच्चारतो: न्यूट्रल.

जुन्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. इमारतीत वीज तीन फेजवर येते आणि घरं त्या तिघांत वाटून दिलेली असतात. इथे २४ घरं, मूळ वाटणीत प्रत्येक फेजवर ८. सगळ्या घरांची परतीची वायर एका जागी येऊन मिळते, ती न्यूट्रल. तीन गडी तीन दिशांनी दोर ओढताहेत आणि तिन्ही दोरांची गाठ मधोमध खुंटीला बांधलेली आहे असं डोळ्यांसमोर आणा. खुंटी भक्कम आहे तोवर कुणी कितीही जोर लावला तरी गाठ जागची हलत नाही. खुंटी उपटली की गाठ सर्वांत जास्त जोर लावणाऱ्याकडे सरकते. ज्या फेजवर लोड जास्त, तिथला व्होल्टेज पडतो. ज्या फेजवर लोड कमी, तिथे तो चढतो, आणि चढत चढत थेट ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. मामांच्या फेजवर दोन घरं बंद होती आणि चार घरांत म्हातारी माणसं. लोड सर्वांत कमी तिथे. नुकसान सर्वांत जास्त झालं ते त्यांचंच. त्या आठ घरांत मिळून पाच फ्रिज, तीन टीव्ही, बहुतेक सगळे सेट टॉप बॉक्स आणि राउटर गेले. दुसऱ्या मजल्यावर एका आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन जळालं. घरात भरलेला सिलिंडर होता म्हणून ती रात्र निभावली.

एवढं होऊनही एकही फ्यूज उडाला नव्हता. फ्यूज वाढलेला करंट ओळखतो, वाढलेला व्होल्टेज त्याला कळत नाही.

वीज कंपनीची माणसं पाऊण तासात आली, त्यांनी आपले कटआउट, म्हणजे फ्यूज बसवायचे होल्डर, काढून पुरवठा बंद केला आणि टॉर्चच्या उजेडात दाखवलं की दोष कटआउटच्या अलीकडे आहे, म्हणजे इमारतीच्या बाजूला. पुरवठ्याची हद्द सर्वसाधारणपणे कंपनीच्या कटआउटच्या बाहेर पडणाऱ्या टर्मिनलला संपते. मीटर कंपनीचे, त्यांची सीलं कंपनीची, पण कटआउटपासून मीटरपर्यंतची पट्टी आणि मीटरनंतर घरापर्यंतची वायर सोसायटीची आणि सभासदांची. नेमक्या याच तुकड्याला वर्षानुवर्षं वाली नसतो. सभासदाला वाटतं मीटर खोली कंपनीची, कंपनीचा माणूस आपले मीटर वाचून निघून जातो.

मीटर खोली उघडल्यावर

इमारत १९७२ची. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, जिना एकच. त्या जिन्याखाली त्रिकोणी खोलीत मीटर. दार उघडताना आधी दोन सायकली, रद्दीचे गठ्ठे आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब बाहेर काढावे लागले. दाराला लागूनच तीन स्कूटर उभ्या. एका इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जरची वायर थेट कॉमन मीटरच्या कटआउटखाली खुपसलेली.

भिंतीला सागवानी फळी. त्यावर काळ्या चिनीमातीच्या कटआउटच्या ओळी, ज्यांना आमच्यात किटकॅट म्हणतात. बाजूला दोन लोखंडी मेन, त्यांतल्या एकाचा खटका गंजून चालू स्थितीतच अडकलेला, म्हणजे गरज पडली असती तर तो बंदच झाला नसता. आणि फळीच्या खालच्या अंगाला, बॅकेलाइटच्या दोन ठोकळ्यांवर बसवलेली बोटभर रुंदीची पितळी पट्टी. तिच्यावर २४ घरांच्या न्यूट्रल वायरी स्क्रूने आवळलेल्या आणि एका टोकाला मुख्य न्यूट्रल, १६ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची केबल.

पुरवठा बंद असल्याची दोनदा खात्री करून मी त्या टोकाच्या लगला, म्हणजे केबलच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीला, हात लावला. बोल्ट चिमटीत धरून फिरवता येत होता. पट्टीचं ते टोक निळं-काळं पडलेलं, लगच्या तोंडाशी अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी. केबलवरचं पीव्हीसी वीतभर मागेपर्यंत कडक होऊन तडकलेलं. पट्टीखालचा बॅकेलाइटचा ठोकळा कोळशासारखा झाला होता, नखाने दाबला तर त्याचा कोपरा पापडासारखा मोडून हातात आला. त्याचा वास घेतला. सुका बोंबील. काकूंना तिथेच बोलावून तो तुकडा दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मान हलवली.

बॅकेलाइट आणि त्या जातीची जुनी प्लॅस्टिकं फार तापली की असा मासळीसारखा उग्र वास सोडतात. ज्वाला दिसण्याच्या कितीतरी आधी तो येतो. घरात प्लगजवळ, स्विचबोर्डजवळ किंवा जिन्यात असा वास आला तर स्वयंपाकघरं तपासण्याआधी वायरमन बोलवा.

आता हा सांधा का तापला? एक कारण अॅल्युमिनियम. साठ-सत्तरच्या दशकांत तांबं आयात करावं लागे, महाग होतं, म्हणून त्या काळातल्या असंख्य इमारतींत अॅल्युमिनियमच्या वायरी पडल्या. अॅल्युमिनियम वाईट धातू नाही, आजही मोठ्या केबल त्याच्याच असतात. पण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तो थर वीज नीट वाहू देत नाही. शिवाय अॅल्युमिनियम तांब्या-पितळेपेक्षा जास्त फुगतो आणि स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जातो. रोज संध्याकाळी तापायचं, पहाटे निवायचं, दरवेळी सांधा केसभर सैल. ठाण्याची पावसाळी हवा सोबतीला होतीच, आणि पितळ-अॅल्युमिनियम अशा दोन धातूंच्या जोडावर ओल आली की गंज आणखी लवकर धरतो.

सैल सांध्याचं गणित लहान आहे पण भीतीदायक आहे. समजा सांध्याचा रोध फक्त ०.०३ ओहम झाला आणि त्यातून ४० अँपिअर गेले, तर तिथे सुमारे ४८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंगचं यंत्र २५ वॅटचं असतं आणि ते शिसं वितळवतं. म्हणजे तशी दोन यंत्रं रोज संध्याकाळी चार तास त्या फळीला टेकवून ठेवल्यासारखं झालं. आणि यातलं सर्वांत महत्त्वाचं: या प्रकारात करंट वाढत नाही. त्यामुळे फ्यूज उडत नाही, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, म्हणजे नवाकोरा एमसीबी असता तरी तोही पडला नसता. सैल सांध्यावर उपाय एकच, कुणीतरी दार उघडून तो पाहणं.

न्यूट्रलवर ४० अँपिअर आले कुठून, हाही प्रश्न योग्य आहे. तिन्ही फेजवर सारखं लोड असेल तर न्यूट्रलमधून फार कमी करंट परत जायला हवा. पण एका फेजवरच्या कटआउटचे खाचे जळाले तेव्हा कधीतरी कुणीतरी तिथली तीन घरं मधल्या फेजवर ढकलली होती. आठाची अकरा झाली, आणि एसी असलेली घरं नेमकी तीच. शिवाय एलईडी, संगणक, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर एसी असली आजची उपकरणं करंट असा तुटक ओढतात की त्याचा काही भाग न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदून संपण्याऐवजी बेरीज होऊन येतो. १९७२ मध्ये ही पट्टी बसवणाऱ्याला हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

फ्यूज जाड होत गेला तो प्रवास

मामांना विचारलं, सुरुवातीला घरात काय काय होतं? "दोन ट्यूब, तीन बल्ब, दोन पंखे आणि रेडिओ. इस्त्री मामीच्या माहेरून आली ती नंतर." हे सगळं एका वेळी चालू केलं तरी दोन अँपिअरच्या आसपास. आज त्याच घरात दीड टनाचा एसी आहे, तो एकटा सात-आठ अँपिअर घेतो. दोन किलोवॅटचा गीझर नऊ. त्यात मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, इंडक्शन शेगडी. मी घरोघरी जाऊन मोजणी केली: २४ घरांत ३१ एसी आणि २२ गीझर. भिंतीतली वायर मात्र बहुतेक घरांत तीच, अडीच चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची.

मधल्या पन्नास वर्षांत काय झालं ते किटकॅटच्या तारा पाहून वाचता येतं. पंधरा अँपिअरच्या फ्यूजला कल्हई केलेल्या तांब्याची अर्ध्या मिलिमीटरची तार लागते. ती साधारण २८ अँपिअरला वितळते, म्हणजे मुळातच हा फ्यूज थोडा सुस्त आहे. एसी आला, उन्हाळ्यात तार वारंवार उडू लागली. वायरमनने दोन पदर पिळून घातले. पुढच्या उन्हाळ्यात तीन. एका किटकॅटमध्ये मला १८ गेजच्या वायरची अख्खी तार सापडली, सव्वा मिलिमीटरची. ती वितळायला शंभर अँपिअर लागतात. ज्या दिवशी ती तार घातली गेली त्या दिवसापासून त्या घराचा फ्यूज म्हणजे भिंतीतली वायरच झाली. लोड हद्दीबाहेर गेलं की आधी तीच वितळणार, पलंगामागे, कपाटामागे, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे.

त्या वायरमनवर मला राग काढावासा वाटत नाही. रात्री दहाला, घामाघूम झालेलं घर, रडणारं मूल, आणि "काहीही कर पण पंखा चालू कर" म्हणणारी माणसं. तो जाड तार घालून पन्नास रुपये घेऊन जातो. फ्यूज का उडतोय हे विचारायला त्याला कुणी पैसे देत नाही.

आणखी दोन गोष्टी सापडल्या, दोन्ही जुन्या इमारतींत सर्रास असतात. एक म्हणजे फेजप्रमाणे न्यूट्रललाही वेगळा किटकॅट. जुन्या पद्धतीत तसं लावत, खरंतर १९५६च्या भारतीय वीज नियमांनीही जमिनीशी जोडलेल्या (अर्थ केलेल्या) न्यूट्रलमध्ये असा सुटा फ्यूज किंवा स्विच घालायला मनाई केली होती. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे बंद होतात, घरातल्याला वाटतं वीज गेली, आणि तो उघड्या होल्डरला हात घालतो तेव्हा फेज जिवंतच असते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. जुन्या घरांत न्हाणीघरातल्या गीझरची अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला क्लिपने जोडलेली असे, कारण पाइप जमिनीत जात असे. २०१६ मध्ये सोसायटीने गळती थांबवायला सगळे पाइप बदलून प्लॅस्टिकचे बसवले. काम सुंदर झालं. त्या दिवशी २४ घरांची अर्थिंग गेली, आणि ते ना प्लंबरला कळलं ना समितीला. मामांच्या न्हाणीघरात ती हिरवी वायर अजूनही होती, दोन फूट लोंबकळणारी, कशालाही न जोडलेली.

सभा

तात्पुरती दुरुस्ती दुसऱ्या दिवशी केली. जळकं टोक कापलं, योग्य मापाचा दोन धातूंचा लग क्रिम्पिंगच्या यंत्राने दाबून बसवला, पितळी पट्टी बदलली, ती तीन घरं परत आपल्या फेजवर नेली. कंपनीने सीलं काढून पुन्हा लावून दिली. दिवे लागले. आणि दिवे लागताच निकड ओसरली, हे मी प्रत्येक इमारतीत पाहिलंय.

पूर्ण पॅनल बदलण्याचा विषय विशेष सभेत आला तेव्हा पहिलंच वाक्य अपेक्षित होतं. "बिल्डिंग पाडायचीच आहे, मग आता कशाला खर्च?" या इमारतीत पुनर्विकासाची पहिली चर्चा २०१३ची. एक विकासक आला, गेला. २०१९ मध्ये सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अखाली पुनर्विकासाच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यानुसार पुन्हा निविदा निघाल्या, मग करोना. आता तिसरा विकासक आहे आणि त्याचा करार मसुद्यात अडकलाय. या सगळ्या काळात रंग नाही, पॅनल नाही, वायरिंग नाही, कारण इमारत "पाडायचीच आहे". नौपाडा, डोंबिवली, गिरगाव, पुण्याच्या पेठा, सगळीकडे हेच वाक्य ऐकतो. पुनर्विकासाची वाट पाहणारी इमारत ही माझ्या मते साध्या जुन्या इमारतीपेक्षा जास्त धोक्याची असते. वय तेच असतं, पण तिच्याकडे बघणं थांबलेलं असतं, आणि घरातली उपकरणं मात्र थांबत नाहीत.

सेक्रेटरी म्हणाले, "आपलं ऑडिट झालंय की." झालं होतं, पण स्ट्रक्चरल. आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं ते दर तीन वर्षांनी करायचं असतं आणि लोक आता ते करतातही. खांब-तुळयांचा अहवाल ४० पानांचा, त्यात मीटर खोलीचा उल्लेख फक्त "प्लास्टर सुटलेले" एवढाच. विजेच्या तपासणीची अशी सवय लागलेली नाही. विद्युत निरीक्षकाच्या नियमांत बहुमजली म्हणून येते ती १५ मीटरपेक्षा उंच इमारत. तळमजला अधिक तीन मजले म्हणजे साधारण १३ मीटर. अशी हजारो घरं त्या रेषेच्या खाली राहतात.

मग मी त्यांना जिन्यावर नेलं. सभा गच्चीवर होती, ५० माणसं. म्हटलं, मीटर खोली पेटली तर खाली कसं उतरायचं ते दाखवा. जिना एकच, तो मीटर खोलीच्या डोक्यावरून जातो. पीव्हीसी जळालं की काळा धूर आणि त्यात हायड्रोजन क्लोराइड, जे घशातल्या ओलाव्याशी मिळून आम्ल होतं. जिन्याचा तो बोळ चिमणीसारखा धूर वर ओढणार. खिडक्यांना आणि गॅलऱ्यांना सगळीकडे लोखंडी ग्रिल, उघडणारं एकही नाही. दाराबाहेर पेट्रोलच्या टाक्यांसह तीन स्कूटर. भिंतीवरच्या अग्निशामक सिलिंडरची मुदत चार वर्षांपूर्वी संपलेली.

दिल्लीच्या उपहार सिनेमाची आठवणही मी त्यांना करून दिली. १३ जून १९९७. सकाळी ट्रान्सफॉर्मरची केबल जळाली होती, ती दुरुस्त करताना लग क्रिम्पिंग मशीनऐवजी डाय आणि हातोड्याने ठोकून बसवला. सांधा सैल राहिला, ठिणग्या उडत राहिल्या, संध्याकाळी केबल सुटली आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलाने पेट घेतला. ५९ माणसं गेली, आणि ती गुदमरून गेली, धूर वर बाल्कनीत कोंडला म्हणून. आमच्या धंद्यात नव्या पोराला लग दाबायला शिकवताना मी ही गोष्ट सांगतो. आपल्या पट्टीवरचा लगही हातोड्याने चेपलेला होता, त्यावर घणाच्या खुणा होत्या. तो मी सभेत हातोहात फिरवला.

त्यानंतर फार वाद झाला नाही. खर्चाचा अंदाज पावणेचार लाख, घरटी साडेपंधरा हजारांच्या थोडा वर. त्यातला निम्मा दुरुस्ती निधीतून द्यायचं ठरलं. आजोबांच्या सूनबाई उठून एवढंच म्हणाल्या, "त्या रात्री सिलिंडर रिकामा असता तर?" आणि बसल्या.

काम आणि त्यानंतरचे दोन महिने

पावसाळा संपल्यावर काम घेतलं. कंपनीकडून दोन दिवसांचा शटडाऊन मिळाला. सागवानी फळीऐवजी पत्र्याचं बंद पॅनल, भिंतीपासून थोडं सुटं. प्रत्येक घराला मीटरनंतर दोन पोलचा एमसीबी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकत्रच बंद होतात. घरापर्यंत नवी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि सोबत स्वतंत्र अर्थिंगची हिरवी वायर. अंगणात दोन नवे अर्थिंगचे खड्डे. मुख्य न्यूट्रल फेजइतक्याच जाडीची आणि तिच्या बोल्टवर खुणेची लाल रेघ, म्हणजे बोल्ट फिरला तर नुसत्या डोळ्यांना दिसेल. पॅनलसमोर रबरी मॅट, दारावर धोक्याची पाटी. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल कंपनीला दिला. सायकली आणि मखर बाहेर गेले, स्कूटरच्या चार्जिंगसाठी वेगळा मीटर आणि वेगळी जागा ठरली.

खरी परीक्षा पुढे होती. प्रत्येक घराच्या मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला होता. फेजमधून जितका करंट जातो तितकाच न्यूट्रलने परत येतोय का, हे तो पाहतो. मधे ३० मिलिअँपिअर कुठे गळले, म्हणजे कदाचित माणसाच्या अंगातून गेले, की क्षणात वीज तोडतो. पहिल्या आठवड्यात सात घरांतून फोन. "तुमचं नवीन मशीन सारखं पडतंय, काढून टाका." दोघांनी तर खाजगी वायरमनला सांगून तो बायपासही करून घेतला.

मी सातही घरांत गेलो. तीन घरांत गीझरचं एलिमेंट गळत होतं. एकात वॉशिंग मशीनच्या मोटरमध्ये पाणी. दोन घरांत जुन्या वायरमनने न्यूट्रल आणि अर्थ एकाच बोर्डात जोडून ठेवलेले. सातव्या घरात इन्सुलेशन मोजायचा मेगर लावला तर स्वयंपाकघराच्या वायरीचं इन्सुलेशन एक मेगओहमही भरेना. ओट्यामागच्या भिंतीत ओल होती आणि वायरवरचं आवरण गेलेलं. त्या घरातल्या ताई म्हणाल्या, "ओल्या हाताने मिक्सर लावताना कधी कधी झिणझिण्या यायच्या. वाटायचं, थकव्याने येत असतील." किती वर्षं, विचारलं तर म्हणाल्या, धाकटा शाळेत जायला लागला तेव्हापासून. धाकटा आता बारावीला आहे.

त्यांच्या घरी पाइपची अर्थिंग नव्हती, फ्यूज शंभर अँपिअरचा होता. त्या भिंतीपासून आणि त्या मिक्सरपासून त्या इतकी वर्षं वाचल्या त्या कदाचित पायात चप्पल असायची म्हणून.

बायपास केलेले दोन्ही आरसीसीबी पुन्हा जोडले. आता सेक्रेटरींनी नियम केलाय की महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला प्रत्येकाने आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण दाबायचं. जिन्यात उभं राहिलं की त्या वेळी खटखट आवाज ऐकू येतात. मला तो आवाज फार आवडतो.

डिसेंबरमध्ये रात्री नऊला थर्मल कॅमेऱ्याने पॅनल तपासलं. न्यूट्रलचा सांधा ३६ अंश, आजूबाजूच्या भागापेक्षा जेमतेम चार अंश वर. एप्रिल-मेमध्ये एसीच्या दिवसांत पुन्हा पाहायचं ठरलंय, कारण हिवाळ्यातलं लोड ही खरी कसोटी नव्हे.

पॅनल नवं झालं तरी घरांच्या आतलं काम सोसायटीच्या हातात नाही. २४ पैकी १० घरांनी आतली वायरिंग बदलली. १४ घरांत अजून ती पन्नास वर्षांची अॅल्युमिनियमची वायर आहे. तिला झेपेल इतक्याच मापाचे, १६ अँपिअरचे एमसीबी मी तिथे बसवले आहेत, म्हणून एसी आणि गीझर एकत्र लावले की एमसीबी पडतो. त्यावरून मला बोलणी बसतात. काही जण ३२चा लावा म्हणून मागे लागलेत. मी लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून लावून घेऊ नका असं प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगितलंय.

त्या १४ घरांत मामांचं घर आहे. भिंती फोडायच्या, धूळ होणार, मामींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय. भिंती न फोडता वरून पट्टीतून वायर नेऊ असं मी सुचवलं, तेव्हा मामा म्हणाले, "तू म्हणशील तसं. पण आधी देवघराची कर." पुढच्या गुरुवारी मी दोन मुलं घेऊन जातोय.